'जर्मन स्टील'च्या नावाखाली गळ्यात मारलेला चाकू

खिशात ठेवायचा घडीचा चाकू घ्यायला निघाला असाल आणि जाहिरातीत एखाद्या देशाचं नाव ठळक दिसलं, तर त्याच्या शेजारी काय लिहिलंय ते आधी वाचा. 'मेड इन' असेल तर तो दावा झाला, त्यावरून विक्रेत्याला धरता येतं. 'स्टील', 'टेक्नॉलॉजी', 'डिझाइन', 'स्टाइल' असलं काही असेल तर त्याने स्वतःपुरती पळवाट ठेवलेली आहे. मला गंडा घातला तो असाच.

पात्याचा मोठा फोटो, कोपऱ्यात जर्मन झेंडा, खाली 'जर्मन स्टील ४४०, झोलिंगेन परंपरा'. झोलिंगेन म्हणजे चाकूंसाठी नावाजलेलं जर्मन शहर. स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला असता तर एक वेळ समजलं असतं. पण भावही जर्मन चाकूचाच लावला होता. म्हणजे मी जास्तीचे पैसे मोजले ते देशाच्या नावाचे, आणि नेमकं तेच खोटं निघालं.

खोक्याच्या तळाला एक कोरं स्टिकर होतं. नखाने उचकटलं तर खाली दुसऱ्याच देशाचं नाव छापलेलं, जर्मनीपासून पार लांबच्या. तो कुठला हे मुद्दाम सांगत नाही, कारण तिथेही उत्तम चाकू बनतात. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस'. कारखान्याचं नाव नाही, पोलादाचा ग्रेड नाही.

पुठ्ठ्याची खोकी फोडायला घेतला. पहिलं खोकं झकास कापलं. पुढे पुढे मात्र पुठ्ठा कापला जाण्याऐवजी फाटायला लागला. पातं दिव्याखाली धरून धारेकडे सरळ वरून पाहिलं, तर टोकाकडच्या भागात एक बारीक पांढरी रेघ चमकत होती. चांगल्या धारेवर अशी चमक दिसत नाही, कारण उजेड परतवायला तिथे सपाट जागाच उरलेली नसते. रेघ दिसली म्हणजे धार बोथटली किंवा वळली. बाजूने धारेच्या दिशेला नख हलकेच ओढलं तर एकीकडून गुळगुळीत, दुसरीकडून अडकतंय. वळलीच होती. परत लावली, परत वळली. पात्याला नीट पाणी दिलेलं नव्हतं, म्हणजे तापवून-थंडावून कडक केलेलं नव्हतं, पोलाद मऊच राहिलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारं लॉक. पातं पूर्ण उघडून, बोटं त्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर तळव्याने दाब दिला, तर लॉकची पट्टी सरकली आणि पातं मिटलं. धार कमी टिकते म्हणून कुणाचं बोट जात नाही, असल्या लॉकमुळे जाऊ शकतं.

त्या '४४०'बद्दलही सांगायला हवं. हा आकडा मुळात अमेरिकन वर्गवारीतला. शिवाय ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के असतो, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. दोन्हींत बराच फरक, कारण जास्त कार्बनचं सी जास्त कडक होतं. ज्याच्याकडे सी असतं तो ते अक्षर कशाला गाळेल?

तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की, 'जर्मनीत बनवला असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही, पोलाद जर्मन आहे.' त्याचा कागद मागितला, तर तिकडून चिडीचूप. 'झोलिंगेन परंपरा' म्हणजे म्हणे त्या शहरापासून घेतलेली प्रेरणा! जर्मनीत हे नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. १९९४ च्या नियमांप्रमाणे मालाच्या घडणीचे सगळे महत्त्वाचे टप्पे त्याच परिसरात झालेले असावे लागतात. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनचाच माल शेफिल्ड या चाकूंसाठी प्रसिद्ध इंग्लिश शहराच्या नावाने विकला जाई. अशा प्रकारांना आळा घालायला ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून, ब्रिटिश वाटेल अशा परदेशी मालावर मूळ देश लिहिणं भाग पाडलं. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का तेव्हा गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होता. आता त्याचीच हूल देऊन लोक पैसे उकळतात.

मग देश बघायचाच नाही का? बघायचा, पण धारेची हमी म्हणून नाही. मी सध्या वापरतो तो स्पायडरको या अमेरिकन कंपनीचा टेनेशस चाकू चीनमध्ये बनलेला आहे. पात्यावर 'चायना' असं सरळ लिहिलंय, पोलादही लिहिलंय, ८सीआर१३एमओव्ही. फार भारी पोलाद नव्हे, पण नीट पाणी दिलेलं, आणि लॉक पक्कं. ओपिनेल फ्रान्समध्ये बनतो आणि त्याच्या स्टेनलेस पात्याचं पोलाद स्वीडनचं, हे कंपनी स्वतःच सांगते, त्यामुळे कुणी फसत नाही. उलट श्रेड हे जुनं अमेरिकन नाव घ्या. २००४ मध्ये कारखाना बंद पडला, नाव विकलं गेलं, आणि पुढे त्याच नावाने चीनमध्ये चाकू बनू लागले. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण आजोबांचा श्रेड चांगला होता एवढ्यावर आजचा घेण्यात अर्थ नाही.

कामगारांना बरा पगार मिळतो म्हणून कुणी ठरावीक देशाचाच चाकू घेतो, कुणी तिथल्या कारखान्याला हातभार लागावा म्हणून. ही कारणं मला पटतात, आणि म्हणूनच देशाबद्दलची थाप मला चिल्लर वाटत नाही. जो देश लपवतो त्याने सांगितलेलं पोलाद तरी खरं कशावरून धरायचं?

घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: कुठल्या देशात बनला, कारखाना कुणाचा, पोलादाचा पूर्ण ग्रेड काय. पात्याच्या बुंध्याचा जवळून फोटो मागा, कारण शिक्का बहुतेक तिथेच असतो. उत्तरं जपून ठेवा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि स्टिकरखाली स्टिकर असेल तर तेही त्यात येऊ द्या. मला पैसे परत मिळाले ते विक्रेत्याकडून नाहीच, बँकेकडे वाद नोंदवल्यावर. तिथे जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि त्या खालच्या स्टिकरचा फोटो, हे दोनच कागद कामाला आले.

ती जाहिरात अजून चालू आहे. चाकू तोच, फोटो तोच, फक्त आता खाली 'जपानी स्टील' असं लिहिलंय.