चित्रांची वही की बोलणारा टॅबलेट?

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या, मोजकेच शब्द उच्चारणाऱ्या मुलासाठी संवादाचे साधन निवडताना पालकांपुढे बहुधा दोन पर्याय येतात: चित्रांची वही, किंवा चित्रावर बोट ठेवताच तो शब्द मोठ्याने बोलणारे टॅबलेटवरचे ॲप. साधन हाती दिले तर मूल बोलायचेच नाही, ही भीती घरातली वडीलधारी मंडळी हटकून बोलून दाखवतात. संशोधनात मात्र तिला आधार सापडलेला नाही.

वेल्क्रोने चिकटवलेल्या चित्रांच्या वहीमागे बहुधा ‘पेक्स’ (पिक्चर एक्स्चेंज कम्युनिकेशन सिस्टिम, म्हणजे चित्रांची देवाणघेवाण करून संवाद) ही पद्धत असते. अँडी बॉन्डी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर येथे विकसित केली. मूल हवे ते चित्र काढून समोरच्याच्या हातात देते, म्हणजे बोलण्याची सुरुवात त्याच्याकडून होते. वहीला चार्जिंग लागत नाही आणि ती पडली तरी फुटत नाही. तिची खरी अडचण अशी की, तिच्यात तेवढेच बोलता येते जेवढे मोठ्यांनी चिकटवून ठेवलेले असते. नाश्त्याला पोहे, उपमा आणि दूध अशी तीनच चित्रे समोर ठेवली आणि मुलाने वही ढकलून दिली, तर आपण त्याला हट्टी ठरवतो. वास्तविक ‘नको’चे चित्र आपणच लावलेले नसते.

ॲप येथे सरस ठरते. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ विनामूल्य असून मराठीतही चालते, आणि त्यात ‘हो’, ‘नाही’, ‘अजून’, ‘कमी’ ही बटणे चित्रांच्या बाजूलाच असतात. शिवाय आवाज पलीकडच्या खोलीतही ऐकू जातो. मात्र त्याच टॅबलेटवर कार्टून लागत असेल तर तो संवादासाठी उरत नाही, म्हणून शक्य असल्यास तो वेगळा ठेवावा.

माझे मत विचाराल तर वहीने सुरुवात करावी, पहिल्याच पानावर ‘नको’, ‘थांबा’ आणि ‘दुखतंय’ लावावे, आणि ॲप आल्यावरही वही काढून घेऊ नये. कोणते साधन कधी उचलायचे ते मुलाला ठरवू द्यावे. मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे टाइप करून घेणाऱ्या पद्धतीपासून मात्र दूर राहावे, कारण चाचण्यांमध्ये ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले आहेत.

शाळेने वही दप्तरात ठेवायला सांगितली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ‘संवाद’ या संज्ञेची व्याख्या दाखवावी. तिच्यात संवादाच्या पर्यायी पद्धतींचाही समावेश आहे.