जुनी फ्रिशियन कुऱ्हाड, एक अख्खी थंडी वापरून: लोखंडाला सलाम, दांड्याला शिव्या

परवा कुऱ्हाडीचं डोकं दांड्यावर परत हललं, म्हणून शेवटी लिहायला बसलो, नाहीतर अजून महिनाभर लोकांना नुसतं कौतुकच ऐकवत बसलो असतो. ज्यांच्याकडे लाकडाचा स्टोव्ह आहे आणि ज्यांनी आधी एखादी कुऱ्हाड वापरलीये त्यांच्यासाठीच लिहितोय, बाकीच्यांना यात काय एवढं असं वाटेल, वाटू दे.

आम्ही राहतो द्राख्तनला, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलंडमध्ये, फ्रिशियन म्हणजे इथलं. घर जुनं, स्टोव्ह घराबरोबर आलेला, आणि 2022 ला गॅसची बिलं जी काय आली ती बघून आमच्यातला काटकसरी माणूस जागा झाला. आधी इथल्याच एका दुकानातून नवी कुऱ्हाड आणली होती, फायबरचा दांडा, रबरी पकड, बघायला एकदम मस्त. पहिल्या गाठाळ ओंडक्यावर धार अशी दुमडली की बोटाने चाचपता येत होती. दुकानवाला म्हणतो तुम्ही चुकीच्या लाकडावर वापरली. आता कुऱ्हाड लाकडावर नाही वापरायची तर कशावर वापरायची, पनीरवर? पैसे काही परत मिळाले नाहीत. स्वीडनच्या चांगल्या हातघडणीच्या नव्या कुऱ्हाडी शंभर युरोच्या वर जातात, तेवढ्या पैशात मी ट्रेलरभर लाकूड आणतो. म्हणून मग जुन्याच्या मागे लागलो.

आता फ्रीसलंड म्हटलं की लोकांना गवत, गायी आणि कालवे आठवतात, ते खरंच आहे, दाट जंगल इथे फारसं नाही. पण आमच्या बाजूला, पूर्वेकडे, शेताशेतांच्या मध्ये बांध आहेत आणि त्यावर आल्डर आणि ओकच्या रांगाच्या रांगा, थंडीत त्या आळीपाळीने छाटतात, पक्ष्यांची घरटी सुरू व्हायच्या आत. इथल्या जुन्या शेतकऱ्याची कुऱ्हाड म्हणजे जास्त करून बांधावरची कुऱ्हाड. म्हणूनच जुन्या घरांच्या गोठ्यात, शेडमध्ये अजून सापडतात, आजोबा गेले की नातवंडं सगळं एकगठ्ठा मार्क्टप्लाट्सवर, म्हणजे जुन्या वस्तू विकायच्या साइटवर, टाकतात किंवा क्रिंगलोपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, देऊन टाकतात. 27 एप्रिलला, राजाच्या वाढदिवसाला, रस्त्यावर जो बाजार भरतो तिथेही मिळतात, पण सकाळी लवकर गेलात तरच, दहानंतर नुसती लहान मुलांची खेळणी उरतात.

शोधताना डोकं फिरतं ते नावामुळे. गंजलेली, थोडी वेगळ्या आकाराची कुठलीही कुऱ्हाड दिसली की 'जुनी फ्रिशियन' लिहून मोकळे. त्यात सुताराची एकाच बाजूने धार लावलेली कुऱ्हाड असते, लाकडी बूट करणाऱ्यांची असते, पिंपं करणाऱ्यांची असते. वस्तू चांगल्याच आहेत सगळ्या, पण एकाच बाजूला धार असलेली कुऱ्हाड ही लाकूड तासायची, तिने फांदी तोडायला गेलात तर ती सरळ न जाता बाजूला पळते. फोटोत हे कधीच दिसत नाही कारण सगळे फोटो एकाच बाजूने काढलेले. मी प्रत्येकाला धारेचा समोरून फोटो मागायचो, अर्ध्या लोकांनी उत्तरच दिलं नाही. शिवाय ऑनलाइन नव्या ओतीव 'व्हायकिंग' कुऱ्हाडी मिळतात, त्यांना मुद्दाम गंज चढवून जुन्या म्हणून खपवतात. त्यासाठी नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, आत टॉर्च मारून बघा. जुन्या लोहाराने लोखंडाची पट्टी दुमडून, मध्ये नेढं ठेवून, तापवून ठोकून जोडलेली असते, तो जोड आत कुठेतरी दिसतोच. ओतीव असेल तर आत साच्याची बारीक रेघ.

मला मिळाली ती एका गोठ्यातून, नुसतं डोकं, दांड्याचा तुटका तुकडा आत तसाच अडकलेला. पंधरा युरो सांगितले, बारावर तोडलं, आणि घरी पोचायच्या आत टिकीची, म्हणजे मोबाइलवर पैसे मागायच्या अ‍ॅपची, लिंक आली, या लोकांना उधारी म्हणून सहन होत नाही. वजन दीड किलोच्या आसपास, गाल, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजू, पातळ, पातं खाली दांड्याकडे उतरलेलं. एका गालावर शिक्का होता पण गंजाने खाल्लेला. म्हणजे ही खास फ्रिशियन लोहाराची की जर्मनीतल्या रेमशाइडच्या कारखान्यातली, शपथेवर सांगणार नाही. रेमशाइडवाले तेव्हा प्रत्येक प्रांताला आवडेल तसा आकार बनवून विकायचे. गोठा फ्रिशियन, आजोबा फ्रिशियन, मला तेवढं पुरे आहे.

तुटका तुकडा काढायला कुणीतरी आगीत टाकायचा सल्ला देईल, अजिबात ऐकू नका, धारेचं पाणी उतरतं, म्हणजे ती मऊ पडते. ड्रिलने भोकं पाडून ठोकून काढला. मग डोकं रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये. सकाळी ब्रशने घासलं आणि काय सांगू, धारेपासून दोन-अडीच बोटं आत एक रेघ उमटली होती, रेघेच्या पुढे काळपट राखाडी, मागे फिकट, आणि मागच्या भागात लाकडाला असतात तसे रेषे. म्हणजे पुढे स्टीलचा तुकडा आणि मागे साधं मऊ लोखंड, दोन्ही भट्टीत जोडलेले. महाग स्टील फक्त जिथे लागतं तिथेच. हा लोहार माझ्याच जातकुळीतला निघाला, बायकोला अर्धा तास रेघ दाखवत होतो.

एक वाईट गोष्ट पण निघाली. धारेच्या वरच्या कोपऱ्यात निळा डाग. विकायच्या आधी कुणीतरी ग्राइंडर फिरवला असणार, स्टील तीनशे डिग्रीच्या आसपास गेलं की असं निळं पडतं आणि मऊ होतं. बाकी धारेवर कानस नुसती घसरत होती, तिथे मात्र लोण्यात जावी तशी आत जात होती. तेव्हा वाटलं बारा युरो पाण्यात गेले. पण हाताने कानस मारत मारत निळं संपेपर्यंत मागे आलो, नंतर पाणी लावून धार काढायचा दगड, आणि आता तो कोपराही इतर धारेसारखाच टिकतो. थोडं स्टील वाया गेलं याचं दुःख आहेच, तो तुकडा काही परत वाढणार नाहीये.

वापराबद्दल सांगायचं तर मुख्य लाकूड मिळालं ते अ‍ॅशचं. या झाडांवर बुरशीचा रोग आलाय, नेदरलँड्समध्ये 2010 ला पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून रस्त्याकडेची झाडं पाडणं चालूच आहे, त्यामुळे ओंडके स्वस्त मिळतात. अ‍ॅश सरळ रेषांचं, या कुऱ्हाडीने टक्क करून उघडतं. आल्डर तर त्याहून सोपं, तोडल्यावर पांढरं असतं आणि बघता बघता भगवं-नारिंगी होतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोरगी घाबरली, झाडाला रक्त आलं म्हणाली. जळतं मात्र भुर्रकन. जाड ओकच्या ओंडक्यात ही कुऱ्हाड सपशेल फेल, पातळ गाल असल्यामुळे आत रुतते आणि मग लाथा मारून काढा. त्याला तो जाड पाचरीसारखा हातोडाच पाहिजे, म्हणून त्याचे मार्क कापत नाही. फांद्या छाटणं, बांधावरची मनगटाएवढी झुडपं तोडणं यात हिला तोड नाही. सगळी थंडी फक्त दगडावर चार हात मारून धार परत आलीये, कानस लावावीच लागली नाही.

आता दांडा. इथेच खरी आग आहे.

नेढं हे पुढे निमुळतं, मागे गोल, पाण्याच्या थेंबासारखं. दुकानात मिळणारे सगळे दांडे अंडाकृती, आजच्या ठरलेल्या मापाचे. म्हणजे पुढून तासा, बाजूने तासा, आणि एवढं करून मागे फट राहतेच. दांड्याची किंमत किती? कुऱ्हाडीपेक्षा जास्त! बारा युरोच्या डोक्याला अठरा युरोचा दांडा, नाकापेक्षा मोती जड. वर लेबलवर 'वाळवलेलं लाकूड'. असेल वाळवलेलं, पण दुकानवाल्याच्या ओल्या शेडमध्ये सगळा पाऊस अंगावर घेऊन ते परत फुगलेलं. ऑक्टोबरमध्ये बसवला तेव्हा दगडासारखा घट्ट. घरात स्टोव्ह पेटायला लागला, हवा कोरडी झाली, आणि डिसेंबरात दांडा आकसून डोकं खुळखुळायला लागलं. दुकानवाला काय म्हणावा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. ठेवलं. दोन दिवस घट्ट, मग आधीपेक्षा ढिलं, कारण फुगताना नेढ्यात जागा नसते, लाकडाचे तंतू चेपतात आणि वाळले की जास्तच आकसतात. हा सल्ला जगभर का देतात कळत नाही. पाण्याऐवजी जवसाचं तेल जरा बरं, ते उडून जात नाही, पण तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवा.

शेवटी गावाकडे मामाला व्हिडिओ पाठवला. मामाचं उत्तर आलं, "अरे ती पाचर कसली घातलीयस, लोखंडाची? काढून टाक आधी. आमच्याकडं धावड्याचा दांडा दोन पावसाळे वळचणीला टांगलेला असतोय, तू दुकानातनं आणून लगेच ठोकतोस व्हय?" त्यांनीच सांगितलं की दांडा घालताना डोक्यावर घाव घालायचा नाही, कुऱ्हाड हातात उलटी धरायची, डोकं खाली लोंबकळतं ठेवायचं आणि दांड्याच्या बुडावर लाकडी मोगरीने मारायचं, डोकं आपोआप वर चढत जातं. मला आधी चेष्टाच वाटली, पण करून बघितलं, प्रत्येक ठोक्याला डोकं तसूतसूने सरकत होतं आणि लाकडाच्या बारीक ढलप्या कडेने सोलून निघत होत्या. ओकची पूर्ण लांबीची पाचर मारली. फेब्रुवारीपासून काही तक्रार नव्हती, तेव्हा मी मनातल्या मनात चार स्टार देऊन टाकले होते. आणि परवा परत हललं, पुढच्या निमुळत्या टोकाकडेच, जिथे दुकानातल्या दांड्याला मुळात लाकूडच कमी आहे. म्हणजे पाचर, तेल, मामा, सगळं बरोबर, दांड्याचं मापच चूक.

आता शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाडलेल्या अ‍ॅशचा सरळ, बिनगाठीचा तुकडा उचललाय, करवतीने न कापता फोडून घेतलाय म्हणजे रेषा सबंध लांबीभर सलग राहतील, आणि थेंबाच्या मापाला थोडा जाड ठेवून आत खोलीत आडवा टाकलाय. अ‍ॅशचा दांडा आणि फोडायचंही अ‍ॅश, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते इथे शब्दशः. खर्च शून्य. पुढच्या थंडीपर्यंत वाळेल, तोवर जुनाच चालवतो, प्रत्येक वेळी वापरायच्या आधी डोकं हलवून बघून.

घ्यावी का? शेड आहे, वेळ आहे, दांडा स्वतः घडवायची तयारी आहे तर डोळे झाकून घ्या, पण नुसतं डोकं घ्या. 'नवा दांडा बसवलेली, वापरायला तयार' असं लिहून पन्नास-साठ युरो मागतात तिकडे फिरकू नका, तो दुकानातलाच अंडाकृती दांडा असतो, वर वॉर्निश फासलेलं. वॉर्निशने हाताला फोड येतात ते वेगळंच. शेजारच्या शेतकऱ्याने परवा हातात घेऊन दोन फांद्या तोडून बघितल्या आणि पस्तीस देतो म्हणाला. दांड्यासकट हिशेब केला तर पाच युरो नफा होता. नाही दिली.