पुण्यात राहण्यासाठी: सदनिका की स्वतंत्र घर?

पुण्यात घर घेताना सदनिका आणि बंगला यांची तुलना बहुधा किमतीपाशीच थांबते; माझ्या मते खरा प्रश्न जमिनीचा आहे. बंगल्याचा मालक सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर स्वतःचे नाव पाहू शकतो, तर सदनिकाधारकाच्या पायाखालची जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावे होण्यासाठी विकासकाने अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी हस्तांतराचा दस्त, करून द्यावे लागते. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्रातील सदनिकांच्या मालकीविषयीच्या, कायद्याने हे बंधन घातले असूनही अनेक संस्था वर्षानुवर्षे त्यासाठी झगडतात, आणि पुनर्विकासाची वेळ आली की ही उणीव फार महागात पडते. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाच्या सहकार्याशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा, मार्ग आहे. पण त्यासाठी कागदपत्रे जमवण्याची चिकाटी लागते.

दैनंदिन सोयीत मात्र सदनिका उजवी ठरते. पाण्याचा टँकर, सुरक्षारक्षक, जिन्याची झाडलोट यांचा खर्च वाटला जातो आणि घराला कुलूप लावून महिनाभर गावी जाता येते. शिवाय २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष विकासकाला विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो.

बंगल्यात गच्चीची गळती, विहिरीचा पंप, कुंपणाची भिंत, सारे एकट्याने निस्तरावे लागते. तरीही अंगणातली तुळस, वर एखादा मजला चढवण्याची शक्यता आणि वृद्ध आईवडिलांसाठी तळमजल्यावरची खोली यांचे मोल मला मोठे वाटते.