ब्रिटिश डिझेल इंजिनाचं मॉडेल घेताना: एन, टीटी, डबल-ओ की ओ? जुना साचा की नवा?

ब्रिटिश डिझेल इंजिनांची मॉडेल्स जमवायला निघालेला माणूस आधी रंगावर भाळतो. निळं अंग, पिवळं नाक, बाजूला ब्रिटिश रेलचे दुहेरी बाण, की काम झालं. पहिलं इंजिन घरी येतं, दुसरं येतं, आणि तिसऱ्याच्या वेळी लक्षात येतं की तिन्ही वेगवेगळ्या मापांतली आहेत आणि एका फळीवर शेजारी शोभत नाहीत. म्हणून आधी माप ठरवावं, मग काळ, मग साचा. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.

मोजपट्टी म्हणून क्लास ३७ या जातीचं इंजिन घेऊ. इंग्लिश इलेक्ट्रिकनं १९६० ते १९६५ या काळात ही ३०९ इंजिनं बांधली. १७५० अश्वशक्ती, सहा ॲक्सल, लांबी ६१ फूट ६ इंच. हौशी लोक त्याला ‘ट्रॅक्टर’ म्हणतात. खऱ्या रुळांची रुंदी १४३५ मिमी. आता तीच गोष्ट चार मापांत:

| माप | प्रमाण | रूळ | खऱ्या हिशोबात रुंदी | ३७ ची लांबी | १ मीटर फळीवर |
|---|---|---|---|---|---|
| एन | १:१४८ | ९ मिमी | १३३२ मिमी | १२७ मिमी | ७ |
| टीटी:१२० | १:१२० | १२ मिमी | १४४० मिमी | १५६ मिमी | ६ |
| डबल-ओ | १:७६.२ | १६.५ मिमी | १२५७ मिमी | २४६ मिमी | ४ |
| ओ | १:४३.५ | ३२ मिमी | १३९२ मिमी | ४३१ मिमी | २ |

चौथा रकाना नीट पाहा. सगळ्यात लोकप्रिय असलेलं डबल-ओ हेच रुळांच्या बाबतीत सगळ्यात चुकीचं आहे, तब्बल ७ इंचांनी अरुंद. त्याला जुनं कारण आहे. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगानं लहान. युरोपात रूढ असलेल्या एचओच्या ३.५ मिमीला १ फूट या मापात त्या काळच्या मोटारी बॉडीत मावेनात. मग बॉडी ४ मिमीला १ फूट अशी मोठी केली आणि रूळ एचओचेच ठेवले. बाजूनं पाहिलं तर हे कळतही नाही. समोरून, बफरबीमच्या (पुढच्या आडव्या तुळईच्या) खाली डोकावलं, की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. काचेच्या कपाटात इंजिनं बाजूनंच मांडतात, त्यामुळे निव्वळ संग्रहासाठी ही चूक फार खुपत नाही. खुपलीच तर त्याच बॉडीला जास्त रुंद रूळ देणारं १८.२ मिमीचं ईएम किंवा १८.८३ मिमीचं पी-४ आहे. वाफेच्या इंजिनापेक्षा डिझेलची चाकं बदलणं सोपं, कारण बाहेर दांडे नसतात. क्लास ०८ (यार्डात डबे ढकलणारं छोटं इंजिन) मात्र अपवाद. त्याची चौकट चाकांच्या बाहेर आणि जोडदांडे त्याहून बाहेर, तेव्हा पहिला प्रयोग त्याच्यावर करू नये.

एन घ्यायचं ते गाडीसाठी, इंजिनासाठी नव्हे. क्लास ३७ आणि मागे ब्रिटिश रेलचे आठ मार्क-१ प्रवासी डबे ही गाडी एनमध्ये सव्वा मीटरच्या आसपास बसते. तीच डबल-ओमध्ये अडीच मीटरच्या जवळ जाते. फ्लॅटमधल्या एका भिंतीवर पूर्ण एक्सप्रेस हवी असेल तर एनला पर्याय नाही. पण इंजिन हातात घेऊन, भिंगाखाली धरून बघायचा शौक असेल तर १२७ मिमीमध्ये फारसं हाती लागत नाही. कपलिंग अंगाच्या मानानं ढोबळ, हँडरेल जाड, आणि जाळी बहुतेक वेळा फक्त उठाव दिलेली.

टीटी:१२० चे रूळ जवळपास अचूक आहेत, जेमतेम ५ मिमीचा फरक. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीनं २०२२ मध्ये हे माप ब्रिटनसाठी आणलं. क्लास ०८ आणि एचएसटी (ब्रिटिश रेलची वेगवान डिझेल गाडी) आले, पण डबल-ओइतकी डिझेलांची रांग इथे अजून नाही. ज्याला क्लास ३७, ४७, २०, ५५ म्हणजे डेल्टिक असं सगळं शेजारीशेजारी हवं, त्यानं सध्या इकडे वळू नये. १९५७ मध्ये आलेलं ट्राय-अँगचं जुनं टीटी-३ हे वेगळं प्रकरण. रूळ तेच १२ मिमीचे, पण प्रमाण १:१०१.६. सेकंडहँड बाजारात ‘टीटी’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर आधी प्रमाण विचारावं.

ओ म्हणजे वजन, आवाज आणि खर्च. एका मोठ्या ओ डिझेलच्या पैशात डबल-ओची तीन-चार येतात. मेनलाइन इंजिन चालवायचं तर वळणाची त्रिज्या सहा फुटांच्या आसपास हवी, म्हणजे बहुतेकांसाठी ते कपाटातच राहणार. एक पळवाट मात्र झकास आहे. खरं क्लास ०८ अवघं २९ फूट ३ इंच लांब. ओमध्ये ते २०५ मिमी होतं, म्हणजे डबल-ओतल्या ३७ पेक्षाही आखूड. डापोलचं ओ गेजमधलं ०८ इतक्या घरांत पोचलं त्याचं हेही एक कारण. ओची हौस एका इंजिनावर भागवायची असेल तर तेच घ्यावं.

आमचं मत सरळ आहे: अचूक डिझेलांचा संग्रह करायचा तर डबल-ओ. क्लास, रंग, काळ यांची निवड तिथेच सगळ्यात मोठी आहे आणि सुटे भागही तिथेच मिळतात.

आता काळ. नवखे इथेच फसतात. ब्रिटनमध्ये इंजिनांना पाच आकडी क्रमांक १९७३-७४ च्या सुमारास मिळाले. त्याआधी डी ६७०० सारखे क्रमांक असत. आणि नाकावरच्या पेटीत गाडीचा कोड, समजा १पी२३, दाखवायची पद्धत जानेवारी १९७६ पासून बंद झाली. मग पेट्यांत आधी ०००० राहिले, पुढे काळ्या पट्टीवर दोन पांढरे ठिपके आले. याचा अर्थ असा की निळा रंग, ३७ ने सुरू होणारा क्रमांक आणि पेटीत खराखुरा कोड हे तिन्ही एकत्र जेमतेम दोन-तीन वर्षंच दिसले. मॉडेल चुकीचं नाही, पण त्याच्या शेजारी १९८५ नंतरचं मालगाड्यांच्या रेलफ्रेट विभागाचं लाल पट्ट्याचं इंजिन उभं केलं तर मांडणीला अर्थ उरत नाही. दहा वर्षांचा एक तुकडा निवडावा आणि त्याच्या बाहेर खरेदी करू नये.

क्रमांक आणि नाक यांचा मेळ हा अचूकपणाचा खरा कस. पहिल्या ३७ ना, डी ६७०० ते डी ६८१८, नाकावर दोन वेगळ्या पेट्या आणि मध्ये दारं होती. डी ६८१९ पासून मधोमध एकच पेटी आली. नवे क्रमांक देताना बहुतेकांचे शेवटचे दोन आकडे तसेच राहिले, पण ३७००० असा क्रमांक द्यायचा नव्हता. म्हणून डी ६७०० ला ३७११९ मिळाला. ३७११९ ज्याला जायचा त्या डी ६८१९ ला ३७२८३ दिला. ती जागा मोकळी होती, कारण डी ६९८३ हे १९६५ च्या ब्रिजेंड अपघातानंतर मोडीत निघालं होतं. त्यामुळे ३७११९ ला दोन पेट्या आणि पुढच्याच ३७१२० ला एक. कुणी क्रमांक बदललेलं ३७११९ एका पेटीसकट विकत असेल तर ते अंदाजानं केलेलं काम आहे. पुढे दुरुस्तीत काहींच्या नाकावरची दारं पत्रा मारून बंद केली गेली. म्हणून घेण्याआधी त्याच क्रमांकाचा, त्याच काळातला, शक्यतो दोन्ही टोकांचा फोटो शोधावा. दोन टोकं एकसारखी असतीलच असं नाही.

आता डबल-ओमध्येच जुना साचा की नवा. जुना म्हणजे मुख्यतः लिमा. ही इटालियन कंपनी बंद पडल्यावर तिचे साचे हॉर्नबीकडे गेले आणि त्यातले काही स्वस्त रेलरोड मालिकेत अजून वापरात आले. नवा म्हणजे बाखमन, ॲक्युरास्केल, हेल्यान यांची अलीकडची मॉडेल्स.

लिमात चपटी ‘पॅनकेक’ मोटार एकाच बोगीत, म्हणजे खालच्या चाकांच्या एकाच गाड्यात, असते. चाकांवर रबरी पट्ट्या, वीज मोजक्याच चाकांतून. परिणाम ठरलेला: सांध्यावर इंजिन अडखळतं, दिवा असलाच तर लुकलुकतो, हळू चालवलं की घरघर वाढते. चाकांच्या कडा खोल असल्यामुळे कोड ७५ च्या (कमी उंचीच्या) बारीक रुळांवर त्या स्लीपरवरच्या खुर्च्यांना (रूळ धरणाऱ्या पकडींना) घासतात आणि टकटक ऐकू येते. चाकं बदलली की ती जाते. मोटारीच्या जागी सीडी प्लेअरची छोटी मोटार बसवण्याची युक्तीही जुनी आणि चांगली आहे. हातानं काम करायची आवड असेल तर लिमासारखा गुरू नाही. बिघडलं तरी जीव हळहळत नाही.

नव्या साच्यात मोटार मधोमध, दोन्ही बाजूंना फ्लायव्हील, दोन्ही बोग्यांना शाफ्ट, सगळ्या चाकांतून वीज, आणि वजन अर्धा किलोच्या पुढेमागे. पण फरक खरा दिसतो तो टेबललॅम्पखाली. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवा आणि छतावरून बघा. जुन्यात पंख्याची जाळी प्लास्टिकमध्ये उमटवलेली, तळाशी काळा रंग. नव्यात कोरलेल्या धातूची बारीक जाळी आणि तिच्याखाली पंख्याची पाती दिसतात. मग पुढची काच तिरकी धरा. जुन्यात काचेची जाडी कडेला भिंगासारखी चमकते, नव्यात काच बॉडीच्या पातळीत बसते. हँडरेल एकात अंगातच ओतलेला, दुसऱ्यात वेगळी तार. शेवटी भिंग घेऊन कॅबच्या बाजूची माहितीपट्टी बघा. अक्षरं वाचता आली तर छपाई चांगली.

एक गोष्ट मात्र नव्याच्या विरोधात जाते. बॉडीचा आकार हा जाळीपेक्षा मोठा, आणि नवा साचा म्हणजे अचूक आकार असं समीकरण नाही. नावाजलेल्या मॉडेलचीही रुंदी किंवा छताची गोलाई चुकल्याची उदाहरणं आहेत. लांबी पट्टीनं मोजणं सोपं: डबल-ओमध्ये खऱ्या फुटांना ४ नं गुणा. ३७ चे २४६ मिमी, डेल्टिकचे (६९ फूट ६ इंच) २७८ मिमी. चेहरा मात्र फोटोशीच ताडावा लागतो.

नव्या इंजिनासोबत बारीक भागांची एक पिशवी येते: ब्रेकचे पाइप, स्क्रू कपलिंग, बफरबीमखालची पत्र्याची झालर. हे सगळं दोन्ही टोकांना चिकटवलं तर इंजिन देखणं होतं, पण मोठं कपलिंग वळणावर फिरायला जागा उरत नाही आणि ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर डबा रुळावरून उतरतो. चालवायचं असेल तर एकच टोक सजवावं.

डीसीसीचा, म्हणजे प्रत्येक इंजिनाला त्यातल्या डिकोडरमार्फत वेगळा डिजिटल हुकूम देण्याचा, विचार असेल तर डिकोडरचं सॉकेट विचारून घ्यावं. ८ पिनांवर मोजकीच फंक्शन्स मिळतात. २१ पिनांचा एमटीसी आणि २२ पिनांचा प्लक्स हे दिसायला भावंडं, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एनमध्ये हल्ली नेक्स्ट-१८ असतं. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. बहुतेक कंट्रोलरांवर लांब पत्ता ९९९९ च्या पुढे जात नसल्यानं पाच आकडी क्रमांकाचे शेवटचे चार घ्यायचे, म्हणजे ३७११९ साठी ७११९. आवाजाचा डिकोडर घेताना त्यात इंग्लिश इलेक्ट्रिकच्या १२ सिलिंडर इंजिनाचा आवाज आहे ना हे बघावं. ४७ च्या सुल्झरचा आवाज ३७ मध्ये घातला तर जाणकार दारातूनच हसतात.

सेकंडहँड घेताना सगळ्यात मोठी भीती मझॅक सडण्याची. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली की चेसिस वर्षानुवर्षांनी आतून फुगते, तडकते आणि भुगा होतो. बाहेरून खुणा अशा: बॉडी मधे किंचित वाकलेली, नाकाशी फट, बॉडी निघता निघत नाही. यावर इलाज नाही. बॉडी काढून चेसिसचा फोटो मागावा, विक्रेता टाळत असेल तर सोडून द्यावं. जुन्या एन इंजिनात प्लास्टिकचा गिअर ॲक्सलवर तडकतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठराविक ‘टक’ येतो, गिअर बदलला की इंजिन बरं होतं.

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. त्याच क्लासचा नवा साचा जाहीर झाला की जुन्याचा भाव एका आठवड्यात बसतो.

मुंबई-पुण्यात बसून मागवणाऱ्यांसाठी थोडं. देशाबाहेर पाठवताना अनेक ब्रिटिश दुकानं २० टक्के व्हॅट वजा करतात. इथली कस्टम ड्युटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क धरूनच तुलना करावी. ब्रिटिश कंट्रोलर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात डब्यातला फोम चिकट होऊन रंगाला धरतो, म्हणून इंजिन आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळून मग फोममध्ये ठेवावं आणि सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. १६.५ मिमीचे रूळ प्रत्यक्ष किती जागा खातात ते बघायचं असेल तर कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात एक चक्कर मारावी. तिथली मांडणी एचओची, पण रुळांची रुंदी तीच.

पार्सल आलं की डिकोडर बसवण्याआधी, परत करण्याची मुदत असतानाच, साध्या १२ व्होल्ट डीसीवर मध्यम वेगानं अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा. दोन्ही दिशांचे दिवे, दोन्ही बोग्या, सगळी चाकं बघा. कुरकुर वाटली तर प्लास्टिकला चालणाऱ्या तेलाचा एकच थेंब गिअरवर सोडा, वीज घेणाऱ्या पट्ट्यांवर नाही. तरीही अडखळत असेल तर बॉडी उघडू नका, तसंच परत पाठवा.