ड्रुपलवर उभं राहिलेलं ड्रेपरीचं दुकान

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकांचे वेष भाड्यानं देणाऱ्या दुकानासाठी मी ड्रुपल ११ या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बुकिंगचं ॲप केलं. जत्रांचे दिवस आले की एकाच रात्री कितीतरी गावांत नाटकं लागतात आणि प्रत्येक मंडळाला जिरेटोप हवा असतो. दुकानाचे मालक भाई यांची बुकिंगची जाडजूड वही आता कपाटात गेली.

वेबसाइटसाठीचं हे साधन ॲपला पुरतं का? माझ्या मते पुरतं, आणि बरंच काही आयतं देतं. पोशाख, मंडळ, बुकिंग हे कंटेंट टाइप, म्हणजे नोंदींचे साचे, एका दुपारी मांडून झाले. 'आज रात्री काय बाहेर जाणार' ही यादी व्ह्यूज या ड्रुपलच्या याद्या बनवण्याच्या सोयीत बनली, कोडची एक ओळही न लिहिता. काउंटरवरच्या मुलाला बुकिंग घेता येतं, पुसता येत नाही. तारीख कोणी, कधी बदलली तेही रिव्हिजनमध्ये, म्हणजे नोंदीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दिसतं. भाईंना सर्वांत जास्त तेच आवडलं.

कसोटी लागली ती तारखांची. नाटक रात्रीचं, वेष परत येतो दुसऱ्या दिवशी दुपारी, मग तो वाळवायचा, उसवलेलं जरीकाम शिवायचं. म्हणजे एका प्रयोगासाठी वेष तीन दिवस अडकतो. हे गणित ड्रुपलला आपण शिकवावं लागतं. तारखा भिडतात का ही तपासणी मी बुकिंगच्या फॉर्ममध्ये लिहिली आणि तिथंच चुकलो. भाईंचा मुलगा मोबाइलवरून बुकिंग टाकायचा ते जेसन एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या ॲपनं थेट ड्रुपलशी बोलायच्या वाटेनं, तिथं फॉर्म वाटेत येतच नाही. एकच जिरेटोप माशेल आणि शिरोडा, दोन्ही गावांत कबूल झाला. दोन दिवस आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. मग तोच नियम कन्स्ट्रेंट (बंधन) म्हणून एंटिटीवर, म्हणजे थेट बुकिंगच्या नोंदीवर बांधला. आता बुकिंग फॉर्ममधून येवो की मोबाइलवरून, तारखा भिडल्या तर अडतंच.

दुसरी गोष्ट वेगाची. कंटेंट टाइपला जोडलेल्या प्रत्येक फील्डचा (माहितीच्या रकान्याचा) डेटाबेसमध्ये वेगळा टेबल होतो, त्यामुळे हंगामाच्या हिशेबाला जॉइनवर जॉइन, म्हणजे टेबलांची जोडणी, लागत गेले. शेवटी बुकिंगची कस्टम एंटिटी, म्हणजे स्वतः कोडमध्ये घडवलेला नोंदीचा प्रकार, केली. कोड वाढला, पण रक्कम, तारखा, अनामत एकाच टेबलात आली आणि हिशेब झटकन निघू लागला.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर) हे टाकू नका. पीएचपी ८.३ (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि कंपोझर (लागणारे कोडचे भाग आणून बसवणारं साधन) लागतो, छोटा व्हीपीएस, म्हणजे आपल्यापुरता वेगळा आभासी सर्व्हर, घ्या.

आता पडदे आणि सीनसिनेरीही यातच घेतोय. त्यांची कस्टम एंटिटी मात्र पहिल्या दिवशीच केली.