मुलांबरोबर कार्टून काढायचंय: आंबा, मोदक, फणस की काजूचं बोंडू?

मे महिन्यात दुपारी मुलांना उन्हात सोडवत नाही. मग पडवीत कागद-रंग मांडले जातात आणि प्रश्न येतो, काढायचं काय? खाण्याच्या वस्तूला डोळे, तोंड, हातपाय लावून त्याचं पात्र करायला मुलांना फार आवडतं, आणि कोकणात अशा वस्तू हाताशीच असतात. पण त्या सगळ्या सारख्या सोप्या नाहीत. निवडताना मी एकच गोष्ट बघते: चित्र मुलाला स्वतःच्या हाताने पुरं करता आलं पाहिजे. मोठ्यांनी हात धरून काढून दिलेलं पात्र कितीही सुबक असलं तरी ते मुलाचं होत नाही.

म्हणून आधी वय बघा. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, चौकोन चौथ्याच्या आसपास, त्रिकोण पाचव्याच्या. याचा अर्थ तीन-चार वर्षांच्या मुलाला आंबाच द्यावा. लांबट गोल जरा वाकडा आला तरी तो आंबाच दिसतो. मूल थोडं मोठं असेल तर हापूस आणि पायरी शेजारी ठेवा. पायरीला खाली चोच असते, हापूसला ती जवळजवळ नसतेच. त्या चोचीचं नाक केलं की एकाच पाटीतले दोन वेगळे भाऊ तयार होतात. आंब्याची अडचण रंगाची आहे. पांढऱ्या कागदावर नुसता पिवळा फिका पडतो आणि मूल हिरमुसतं. बाहेरची रेघ गडद तपकिरी घ्यायला सांगा आणि गालांवर केशरी द्या.

मोदकाला त्रिकोणाची समज लागते, म्हणून पाच-सहा वर्षांपुढे. कळ्यांच्या रेघा टोकाशी एकत्र यायच्या असतात, तिथे लहान हात गोंधळतो. टोकाला एक ठिपका, तळाला ओळीने ठिपके, आणि मग ते जोडायचे, असं केलं की जमतं. मोदकाचा मोठा फायदा असा की तो पांढराच असतो, त्यामुळे आत रंग भरायचा नाही, फक्त मागची बाजू रंगवायची. चेहऱ्यावरचे भाव सगळ्यात स्वच्छ मोदकावरच दिसतात. मात्र नैवेद्याच्या मोदकाला मिश्या काढलेल्या काही घरांत आवडत नाहीत, तेव्हा आजीला आधी विचारा.

माझी स्वतःची पसंती बोंडूला, विशेषतः सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच मुलांनी काजूगर पाकिटातलाच पाहिलेला असतो. बी फळाच्या आत नसून बाहेर, खाली लोंबते, हे पाहून ती थक्क होतात. खरं तर बोंडू म्हणजे फुगलेला देठ आणि खरं फळ म्हणजे ती बी. बोंडाच्या आधी वाढू लागते तीही बीच. म्हणजे एकाच चित्रात दोन पात्रं मिळतात: वरचा रसाळ, गुबगुबीत, आणि खालचा लहानसा, टणक, पण वयाने थोरला! इथून मुलं आपणहून गोष्ट रचू लागतात, आणि आंब्याच्या बाबतीत हे इतक्या सहज होत नाही. चित्र उलटं धरलं तर बी डोक्यावरची टोपीसुद्धा होते. रंग लाल, पिवळा किंवा दोन्ही, काहीही चालतं. समोर खरं बोंडू ठेवा, पण ताटलीत, बघण्यापुरतं. कच्च्या बीच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून बी मुलांच्या हाती देऊ नये. बोंडाच्या रसाचे डागही कपड्यांवरून जात नाहीत.

रंगांचं थोडक्यात. लहानांना मेणखडू. तेलखडूचा रंग उठून दिसतो, पण घामेजलेल्या तळव्याखाली तो फासला जातो, तेव्हा हाताखाली एक कोरा कागद ठेवायला द्या. स्केचपेनची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते आणि मेणावर ती नीट उमटत नाही. म्हणून डोळ्यांची जागा रिकामी सोडून बाकी रंगवावं आणि डोळे त्या कोऱ्या जागेत शेवटी काढावेत. जलरंग पावसाळ्यात नकोतच. दमट हवेत कागद आधीच नरम झालेला असतो आणि रंग लवकर सुकत नाहीत. मे महिन्यात मात्र एक गंमत जरूर करा: मेणखडूने पात्र काढून त्यावर पातळ निळा जलरंग फिरवा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे पात्र तसंच राहतं आणि मागे समुद्र येतो.

डोळे कसे काढायचे हे दाखवायला कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जुनी कला, दाखवावी. त्यातले मोठे डोळे मुलांच्या लगेच लक्षात राहतात. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली लाकडी फळं घरात असतील तर तीही समोर मांडा. खरा आंबा संध्याकाळपर्यंत खाल्ला जातो, लाकडी दुसऱ्या दिवशीही बसलेला असतो. आणि डोळे चेहऱ्याच्या मध्याच्या खाली काढले की पात्र लहान मुलासारखं वाटतं, वर नेले की मोठ्या माणसासारखं. एवढं एकच तंत्र सांगितलं तरी पुरतं.

फणस मी मुद्दाम मागे ठेवला. अख्खा फणस एकट्या मुलाला देऊ नये. काटे भरता भरता ते कंटाळतं आणि चित्र अर्धवट राहतं. पण वेगवेगळ्या वयांची पाच-सात मुलं असतील, तर मोठ्या कागदावर कापलेला फणसच घ्या. सगळ्यात मोठ्याने बाहेरची काटेरी रेघ काढायची, मधल्याने गऱ्यांभोवतीचा आतला भाग, आणि प्रत्येकाने आपापला एक गरा. गरा साधा लांबट गोल, म्हणजे तीन वर्षांच्यालाही जमणारा. प्रत्येक गऱ्याला त्याचा चेहरा आणि खाली त्याचं नाव. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं नाव शेजारच्याने लिहायचं.