महिनाभराचा नेम : पहाट, साखर की लोकलमधला मोबाइल?

स्वतःला जरा शिस्त लावावी म्हणून महिनाभर काहीतरी नेम धरायचा ठरवलं, की मुंबईत साधारण तीन गोष्टी पुढे येतात : पहाटे उठून चालायला जाणं, साखर सोडणं आणि लोकलमध्ये मोबाइल बंद ठेवणं. तिन्ही चांगल्याच. पण तडीस कोणता जाईल, हे निग्रहापेक्षा घर कुठे आहे, घरात माणसं किती आणि महिना कोणता यावर जास्त ठरतं.

पहाटेचा नेम सगळ्यांत रुबाबदार, आणि मोडतोही तोच आधी. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या माणसाचं बघा. घरी पोचायला साडेआठ-नऊ, जेवण दहाला, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत बारा. पाचचा गजर लावला तर झोप मिळते पाच तास, प्रौढ माणसाला हवी असते किमान सात. तेव्हा पाचला उठायचं तर दहाला झोपायलाच हवं, आणि वन रूम किचनमध्ये ते एकट्याच्या हातात नसतं. टीव्ही त्याच खोलीत, मुलांचा अभ्यासही तिथेच. घरातल्यांनी साथ दिली नाही तर आठवड्याभरात चिडचिड सुरू होते आणि खापर मात्र स्वतःच्या आळसावर फुटतं. दादर-माहीमला राहणाऱ्याला शिवाजी पार्क जवळ, बोरिवलीकराला नॅशनल पार्क. ऑफिसही फार लांब नसेल तर त्यांनी खुशाल घ्यावा हा नेम. फक्त पावसाळ्यात नको. जुलैत सांताक्रूझला सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यात खोदलेले फुटपाथ. डिसेंबर उत्तम : जानेवारीतल्या मॅरेथॉनची तयारी करणारे तेव्हा मरीन ड्राइव्हवर पहाटेच धावत असतात, सोबत आपोआप मिळते.

साखरेला वेळ लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण ‘साखर बंद’ एवढंच ठरवून भागत नाही. टपरीवरचा चहा पातेल्यातच गोड झालेला असतो, त्यामुळे बाहेरचा कटिंगही बंद करावा लागतो, आणि ऑफिसमधल्या कित्येकांचा नेम तिथेच अडतो. झेपत नसेल तर मर्यादा घालून घ्या : जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे साधारण सहा चमचे. महिना निवडताना मात्र श्रावण टाळा. नागपंचमीची दिंडं, नारळी पौर्णिमेचा नारळीभात, शुक्रवारची पुरणपोळी; एवढ्या सगळ्याला नाही म्हणायचं म्हणजे घरातच वाद. श्रावण मटण-मासे किंवा दारू सोडायला सोयीचा, कारण निम्मी गल्ली तेच करत असते. ब्रिटनमध्ये 2013 पासून जानेवारीभर दारू सोडायची मोहीम चालते. आपल्याकडे गटारी आटोपून लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत!

माझं मत लोकलच्या बाजूने. वेगळा वेळ काढावा लागत नाही, घरच्यांची परवानगी लागत नाही, आणि रोजची गाडी ठरलेली असली की नेमाची वेळही ठरते. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन दोन तास सहज जातात, आणि ते बहुतेकांचे रील्स बघण्यात जातात. नियम आधी स्वच्छ ठरवा. गाडीची वेळ प्लॅटफॉर्मवरच बघायची, चढल्यावर मोबाइल बॅगेत. मोबाइलवर काढलेलं तिकीट टीसीला दाखवणं आणि घरचा फोन एवढीच सूट. बसायला मिळणाऱ्याने पुस्तक न्यावं. सकाळच्या फास्टला दोन्ही पायांना जागा मिळाली तरी नशीब, अशांनी पुस्तकाचा हट्ट धरू नये. नुसतं उभं राहावं, कंटाळा येऊ द्यावा. हा कंटाळा सोसणं साखर सोडण्याहून अवघड जातं, म्हणून शिस्त याच नेमात जास्त लागते. घरून काम करणाऱ्यांच्या मात्र हा उपयोगाचा नाही. त्यांनी महिनाभर ऑनलाइन जेवण मागवणं बंद करावं, पैसेही वाचतील.

महिन्यात सवय पक्की होईल असं मात्र धरून चालू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागत होते; कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे ‘एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून’ हा नियम कुठल्याच नेमाला लावू नका. मेगाब्लॉकच्या रविवारी गाडीच नसेल, तर तो दिवस धरायचाच नाही.